रस्त्यावरचे चलन आणि न्यायालयाचे दार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखला जाई. आज त्याचा क्रमांक ४८ आहे. मनोर मागे टाकल्यावर हा मार्ग सूर्या नदी ओलांडून चारोटीला येतो आणि पुढे महालक्ष्मी, दापचरी, तलासरी करीत आच्छाडजवळ गुजरातच्या सीमेला भिडतो. देशाच्या व्यापाराचा मोठा ओघ या रस्त्याने अहोरात्र वाहत असतो. त्याच रस्त्यावरून डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली, कोकणा, धोडी आदी समाजांतील तरुण आपल्या मोटारसायकलीवरून उंबरगाव, वापी, सिल्वासा येथील कारखान्यांत रोजीसाठी जातात. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरली की एकेका दुचाकीवर तिघे-चौघे बसून देवीच्या दर्शनाला निघतात.

अशा प्रवासात कोठे तरी वाहन अडविले जाते आणि हातात चलन पडते, किंवा चार दिवसांनी भ्रमणध्वनीवर संदेश येतो. पुढे काय करावयाचे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोणी ते चलन घडी करून छपराच्या वाशात खोचून ठेवतो, कोणी ओळखीच्या मध्यस्थाकडे धाव घेतो. दोन्ही मार्गांनी नुकसानच होते. हा प्रश्न वरवर लहान दिसला, तरी ज्याच्या घरी एका दिवसाच्या मजुरीवर चूल पेटते, त्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

कागदाचे भय

या भागात शासकीय कागदाविषयी जी भीती आढळते, तिला इतिहास आहे. कर्जाच्या कागदावर अंगठा उठविल्याने जमीन गेली, अशा हकिकती येथील जुनी माणसे सांगत आली आहेत. १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आवाज उठविला, तो याच परिसरात. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. तरीही समन्स हाती पडताच ‘आता तुरुंगात जावे लागणार’ ही कल्पना अनेकांच्या मनात प्रथम येते. वस्तुतः वाहतुकीच्या बहुसंख्य किरकोळ गुन्ह्यांत कायद्याने नागरिकाला सुटकेचे सोपे मार्ग दिलेले आहेत. ते माहीत असले की भीतीला फारशी जागा उरत नाही.

तीन मार्ग

वाहतुकीचे नियम व दंड यांचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे. हा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. २०१९ च्या सुधारणेने त्यातील दंड पुष्कळ वाढले आणि महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. विनापरवाना वाहन चालविण्यास कलम १८१ अन्वये ५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट नसल्यास कलम १९४-घ अन्वये १,००० रुपये दंडाची व तीन महिने परवाना-अपात्रतेची तरतूद आहे. दुचाकीवर दोघांपेक्षा अधिक माणसे बसविल्यास कलम १९४-ग अन्वये तशीच शिक्षा आहे.

चलन मिळालेल्या व्यक्तीपुढे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग तडजोडीचा. अधिनियमाच्या कलम २०० मध्ये ज्या गुन्ह्यांची यादी दिली आहे, त्यांच्या बाबतीत राज्य शासनाने ठरविलेले शुल्क भरले की प्रकरण तेथेच संपते व पुढे खटला चालत नाही. चलन यंत्रावरून निघाले असेल तर हे शुल्क जागेवर किंवा शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर भरता येते. पैसे भरल्यावर पावती घेणे मात्र अगत्याचे आहे. पावतीविना दिलेला पैसा शासनाच्या तिजोरीत पोहोचत नाही आणि त्याने चलनही फिटत नाही. मद्यपान करून वाहन चालविण्याचा, कलम १८५ खालील गुन्हा या यादीत नाही. त्यासाठी न्यायालयासमोर जावेच लागते.

दुसरा मार्ग गुन्हा कबूल करण्याचा. शुल्क वेळेत भरले गेले नाही, तर प्रकरण न्यायालयाकडे जाते व समन्स निघते. डहाणू येथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. ज्या गुन्ह्याला कारावासाची शिक्षा नाही, केवळ दंडच आहे, अशा गुन्ह्याच्या समन्सवर एक विशेष सवलत लिहिली जावी, असे कलम २०८ सांगते. आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे. अथवा सुनावणीपूर्वी ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत गुन्हा कबूल करून न्यायालयाने नमूद केलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवावी, कबुली मनिऑर्डरच्या कुपनावर लिहिली तरी पुरे, अशी ही सवलत आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दूरच्या पाड्यावरचा माणूस होता, याची साक्ष या तरतुदीत सापडते. म्हणून समन्स हाती येताच ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावे.

तिसरा मार्ग आरोप नाकारण्याचा. आपल्याकडून गुन्हा घडलेला नाही असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते, त्याने भीतीपोटी दंड भरण्याचे कारण नाही. समजा, तलासरीचा एक कामगार ज्या दिवशी कारखान्यात पाळीवर होता, त्याच दिवशी त्याच्या मोटारसायकलीच्या क्रमांकावर दूरच्या शहरात चलन निघाले. चलनावरील छायाचित्र नीट पाहिले असता, क्रमांकातील तीनचा आठ वाचला गेल्याचे किंवा गाडीचा रंगच निराळा असल्याचे दिसून येईल. असे छायाचित्र, कारखान्यातील हजेरीचा उतारा व गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र घेऊन प्रथम चलन काढणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद लागली नाही, तर न्यायालयात ‘गुन्हा कबूल नाही’ असे स्पष्ट सांगावे. मग गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ घालण्यात आला. अशा गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत त्याची नोंद जपून ठेवावी, असे हा नियम सांगतो. आरोपीला न्यायालयाची भाषा समजत नसेल, तर पुरावा त्याला समजेल अशा भाषेत सांगितला जावा, अशीही फौजदारी कायद्यात तरतूद आहे. वारली बोलणाऱ्या माणसाने ते मोकळेपणाने मागावे.

या तीन मार्गांखेरीज चौथा मार्ग म्हणजे गप्प बसणे. तो सर्वांत महाग पडतो. समन्स बजावूनही माणूस हजर राहिला नाही, तर न्यायालय वॉरंट काढू शकते. मग पाचशे-हजार रुपयांत मिटणाऱ्या गोष्टीपायी जामीनदार शोधण्याची व कामाचे दिवस बुडविण्याची पाळी येते.

सीमेवरच्या अडचणी

डहाणू-तलासरीचा प्रश्न अन्य तालुक्यांहून थोडा निराळा आहे. गुन्हा जेथे घडला, तेथील न्यायालयात सामान्यतः त्याची चौकशी होते. तलासरीच्या रहिवाशाला भिलाडजवळ चलन मिळाले, तर त्याचे उत्तर गुजरातमधील न्यायालयात द्यावे लागते. आच्छाडला अडविलेल्या राजस्थानच्या ट्रकचालकाला ते महाराष्ट्रात द्यावे लागते. म्हणून चलन कोणत्या राज्याचे व कोणत्या ठाण्याचे आहे, हे प्रथम पाहावे.

दुसरी अडचण जुन्या गाड्यांची. सीमेपलीकडून स्वस्तात घेतलेली मोटारसायकल वर्षानुवर्षे मूळ मालकाच्याच नावावर राहते. कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची वर्दी १४ दिवसांत, तर परराज्यातील विक्रीची ४५ दिवसांत द्यावयाची असते. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे गाडी विकूनही नाव न बदलणाऱ्याच्या दारी दुसऱ्याचे चलन येते, आणि अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा बोजाही येऊ शकतो.

विनामूल्य मदत

वकिलाची फी कोठून आणावी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये आहे. त्याच्या कलम १२ अन्वये अनुसूचित जातींच्या व अनुसूचित जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग व औद्योगिक कामगार यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. या दोन तालुक्यांतील बहुसंख्य लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे त्यांना हा हक्क उत्पन्नाची अट न पाहता मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही विचारणा करता येते.

लोकअदालत हीदेखील उपयोगी वाट आहे. थकीत चलने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून तेथे ठेवली जातात. तेथे न्यायालयीन शुल्क नाही व होणारा निवाडा अंतिम असतो. मात्र तडजोड स्वेच्छेची असते. ज्याला आरोप मान्य नाही, त्याच्यावर तिची सक्ती नाही.

गावातील जाणत्यांचे कार्य

येथे उपस्थित असलेल्यांचा वाटा याच ठिकाणी मोलाचा आहे. ग्रामपंचायत कार्यालयात चलन अगर समन्स घेऊन कोणी आला, तर ते त्याला वाचून दाखवावे, त्यावरील तारीख सांगावी आणि तीन मार्ग समजावून द्यावेत. चलनाच्या नावाखाली भ्रमणध्वनीवर येणाऱ्या अनोळखी फाइली उघडू नयेत. त्यांतून बँकेतील पैसे लुबाडले गेल्याचे प्रकार घडले आहेत, हेही ग्रामसभेत सांगावे. परवाना व गाडीची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असतील तर ती दाखविणे नियमाने ग्राह्य आहे, ही माहिती तरुणांना द्यावी.

शिक्षकांनी पालकसभेत कलम १९९-क चा उल्लेख अवश्य करावा. अज्ञान मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. एवढी माहिती कळली तरी दहावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देताना बाप विचार करील.

हे सारे सांगताना नियम कशासाठी आहेत, याचा विसर पडू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले आणि मागील आसनावरील सुरक्षापट्ट्याची चर्चा देशभर झाली. याच रस्त्यावर ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही अशीही माणसे जातात. त्यांच्यामागे झोपडीत वाट पाहणारी मुले असतात. दंड भरून चलन फिटते, गेलेला जीव परत येत नाही. म्हणून हेल्मेट डोक्यावर असावे, कागद नावावर असावेत, आणि चूक झालीच तर तिचे उत्तर योग्य दारी, योग्य वेळी द्यावे.

न्यायालय आपलेच आहे. डहाणूच्या न्यायालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक वारली माणसाला हे ज्या दिवशी मनापासून पटेल, त्या दिवशी आपले काम झाले असे म्हणता येईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!