शीतशलाकेची परीक्षा



देवणी किंवा लाल कंधारी गाईला कृत्रिम रेतन करण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी भांड्याचे झाकण उघडतो, तेव्हा त्यातून निघणारे पांढरे धुके लातूर-नांदेडकडील बऱ्याच शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. त्या भांड्यात द्रवरूप नत्रवायू असतो. त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस. रेतात ग्लिसरॉलसारखे संरक्षक द्रव्य मिसळून ते ठराविक गतीने गोठविले जाते, म्हणून त्यातील पेशी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. असे संरक्षण नसलेल्या पेशींची गोष्ट निराळी. तेथे पेशीबाहेरचे पाणी प्रथम गोठते व आतील पाणी शोषून घेते. गोठणे वेगाने झाले तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक तयार होऊन तिचे आवरण फाटते. पुढे सूक्ष्म रक्तवाहिन्याही बंद पडतात आणि राहिलेल्या पेशी उपासमारीने मरतात. जी थंडी जपते तीच मारतेही. कर्करोगावरील शीतशल्यक्रिया या दुसऱ्या गुणावर उभी आहे.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील डॉ. जेम्स अर्नॉट यांनी १८४५ नंतरच्या काही वर्षांत मीठ व बर्फ यांच्या मिश्रणाने स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या वरवर दिसणाऱ्या गाठी गोठविल्या. कुल्फीवाला आपल्या मडक्यात जे करतो तेच त्यांनी केले. त्याने वेदना कमी झाल्या, परंतु शून्याखाली सुमारे वीस अंशांपलीकडे जाणे शक्य नव्हते. शरीराच्या आत थंडी नेणारी शलाका येण्यास १९६१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यूयॉर्कचे मेंदुशल्यतज्ज्ञ डॉ. आयर्विंग कूपर आणि त्यांचे सहकारी अर्नॉल्ड ली यांनी द्रव नत्रवायू खेळविणारी शलाका पुढे आणली. परंतु द्रव नत्रवायू सतत उडून जातो. पशुवैद्यकीय दवाखान्यातील भांडे वेळोवेळी भरून आणावे लागते, हे पंचायतीच्या सभासदांना सांगावयास नको. म्हणून त्याच दशकात दुसरा मार्ग पुढे आला. दाबाखालील वायू बारीक छिद्रातून एकदम मोकळा सोडला की तो थंड होतो. कचेरीच्या भिंतीवरचे कार्बन डाय-ऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे चालविताना त्याच्या तोंडाशी पांढरा बर्फ जमतो, तो याच नियमामुळे. शलाकेच्या पोकळ टोकात हेच घडविले जाते. वायू आत पसरतो, टोकाला थंड करतो आणि दुसऱ्या नळीने बाहेर जातो. रुग्णाच्या शरीराशी संबंध येतो तो केवळ धातूच्या टोकाचा.

१९९० नंतर आर्गॉन वायू वापरून सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या सुया तयार झाल्या. मूत्रपिंड, पुरःस्थ ग्रंथी, यकृत यांतील लहान गाठीत सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने अशी सुई टोचून, पोट न उघडता, गाठ गोठविता येते. गंमत अशी की आर्गॉन पसरताना थंड होतो, तर नेहमीच्या तापमानाला हेलियम पसरताना उष्ण होतो. म्हणून एकाने गोठवून दुसऱ्याने वितळविता येते. मात्र हे वायू, ही यंत्रे आणि ती हाताळणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांतच आढळतात.

अशा उपकरणाची परीक्षा कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे. सदतीस अंशांवर ठेवलेल्या जिलेटिनच्या गोळ्यात शलाका रोवतात आणि तिच्यापासून दर काही मिलिमीटरवर तापमान मोजणाऱ्या बारीक तारा बसवितात. शलाकेभोवती बर्फाचा गोळा वाढत जातो. तो डोळ्यांना व सोनोग्राफीला स्पष्ट दिसतो, आणि नेमका येथेच धोका असतो. गोळ्याच्या कडेचे तापमान शून्याच्या जेमतेम खाली असते. पेशी खात्रीने मरण्यास उणे वीस ते उणे चाळीस अंश लागतात, आणि ती मर्यादा कडेपासून काही मिलिमीटर आत असते. म्हणजे गाठ बर्फाने झाकली एवढ्याने ती मेली असे होत नाही. बर्फ गाठीच्या पुरेसा पलीकडे जावा लागतो. वेगाने गोठविणे, सावकाश वितळू देणे आणि पुन्हा गोठविणे हा क्रमही ठरला तो अशाच मोजमापांतून आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून.

एवढी परीक्षा प्रयोगशाळेत झाली. दुसरी परीक्षा खेड्यात होते, आणि ती अधिक कठीण असते. या बाबतीत मराठवाड्याचा अनुभव जगाच्या वैद्यकात नोंदला गेला आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्यापूर्वी अनेक वर्षे तेथील पेशींत बदल होत असतात. त्या अवस्थेत तो भाग चपट्या टोकाच्या शीतशलाकेने तीन मिनिटे गोठवून, पाच मिनिटे वितळू देऊन, पुन्हा तीन मिनिटे गोठविला तर पुढचा कर्करोग बहुधा टळतो. भूल नको, टाका नको, दवाखान्यात राहणे नको. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात या प्रश्नाचा मोठा अभ्यास केला. लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातून वेगळा झाला. माणसे, शेती, चालीरीती एकच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून काहींत विषाणूची एचपीव्ही चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच आरोग्यव्यवस्था राहिली. दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढील तपासणी व उपचार देण्यात आले. शीतोपचार हा त्यांतील एक होता.

आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर तपासणी न झालेल्या, संख्येने काहीशा लहान गटात ६४. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात मात्र परिचारिकांनीच डोळ्यांनी पाहणी करून त्याच भेटीत शीतोपचार देण्याची सोय केली होती. तेथील मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये दिसून आले. तपासणीविना ठेवलेल्या गटांविषयी पुढे नैतिक आक्षेप घेण्यात आले. ते अस्थानी म्हणता येणार नाहीत, कारण ६४ हा आकडा याच मुलखातील आयाबहिणींचा आहे.

दिंडिगलच्या अनुभवातील ‘त्याच भेटीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सोयाबीनची काढणी सोडून, एसटीचे भाडे मोडून एकदा आलेली स्त्री दुसऱ्या खेपेस येईलच असे नाही. ती समोर असताना यंत्र चालू स्थितीत असले पाहिजे. आणि यंत्र बिघडते ते बहुधा मोठ्या कारणाने नव्हे. वायूत ओल असली तर छिद्रात बर्फ अडकून प्रवाह थांबतो. दाब प्रति चौरस सेंटिमीटर ४० किलोग्रॅमच्या खाली असेल तर टोकाला पुरेशी थंडी येत नाही. पाहणाऱ्याला बर्फ दिसतो, उपचार झाला असे वाटते, रुग्ण समाधानाने घरी जाते, आणि दोष मात्र खाली तसाच राहतो. उपचारच झाला नाही तर निदान ते कळते. हा अर्धा उपचार त्याहून वाईट.

मराठवाड्यातील ऊन ही येथे निराळीच अडचण ठरते. कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ३१ अंशांपर्यंतच दाबाखाली द्रवरूपात राहू शकतो. नायट्रस ऑक्साइडची मर्यादा सुमारे ३६ अंश. नांदेडचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या नळकांड्यातील दाब तेव्हा ७० किलोग्रॅमची वरची मर्यादाही ओलांडू शकतो. उलट थंडीतील सकाळी, एकामागून एक रुग्ण तपासताना, तोच दाब खालच्या मर्यादेशी येतो. शिवाय आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापकाचा काटा फारसा हलत नाही, त्यामुळे वायू किती उरला हे वजन केल्यावाचून कळत नाही. नळकांडे सावलीत, उभे ठेवावे आणि शिबिरापूर्वी त्याचे वजन करावे, या गोष्टींसाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही.

या अडचणींमुळेच उपकरणाची नवी रूपे पुढे येत आहेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कोरड्या बर्फाची कांडी वापरणारे, वायू फार कमी लागणारे साधन तयार झाले. उष्णतेने तोच भाग जाळणारे, बॅटरीवर चालणारे उपकरणही आले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याला वायू लागतच नाही. गर्भाशयमुखापुरती शीतशलाका उद्या मागे पडली तर त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. मूत्रपिंडासारख्या आतील अवयवांत तिचे काम निराळे आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळजवळ आहेत. जिलेटिनचा गोळा, तापमानाच्या तारा आणि मे महिन्यातील एक नळकांडे यांवर होणारी चाचणी तेथील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. चाळीस अंशांच्या खोलीत शलाकेचे टोक कितपत थंड होते, हा प्रश्न थंड देशांतील कारखान्याला सहसा पडणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील फेरीत, देशातील ३० ते ४९ वयोगटात ही तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही नव्हत्या. शलाका कपाटात असूनही उपयोग होत नाही, त्याचे कारण बरेचसे येथे आहे. दोष कालव्यात खोलवर गेला असेल, टोकापेक्षा मोठा असेल किंवा कर्करोगाचीच शंका असेल, तर गोठविणे योग्य नसते. अशा स्त्रीस लातूर, अंबाजोगाई किंवा बार्शीकडे पाठवावे लागते आणि ती पोहोचली की नाही हे कोणी तरी पाहावे लागते. उपचारानंतर चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. हे आधी न सांगितल्यास घरात घबराट होते आणि शेजारची स्त्री शिबिरास येत नाही. त्या काळात पतीने संयम पाळावयाचा असतो, ही गोष्ट परिचारिकेने पत्नीला सांगून भागत नाही. ती पतीला सांगणारा शिक्षक किंवा सरपंच गावात असावा लागतो. पुढची तपासणी बारा महिन्यांनी. त्या दिवसाची तारीख उपकेंद्राच्या नोंदवहीत आजच, तिच्या नावासमोर लिहिलेली असावी.