सातासमुद्रापलीकडचे गिऱ्हाईक



या व्यासपीठावर माझ्याआधी प्राध्यापक बोलून गेले, वकील बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते साखर कारखान्यांच्या दारात, उसाच्या गाड्यांच्या रांगेत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा हाताने केलेला माल परदेशी विकण्यासंबंधी हा ऊसतोड्यांचा कार्यकर्ता काय सांगणार, असे आपल्या मनात आले असल्यास त्यात वावगे काही नाही. माझा या विषयाशी संबंध 'उचल' या एका शब्दामुळे आला. तो कसा, ते ओघात येईलच.

प्रथम घरचेच उदाहरण घेतो. निजामी राजवटीतले जुने गॅझेटियर काढून पाहिले तर बीडची दोन कामे त्यात नावाजलेली आढळतात. एक गुप्ती, म्हणजे काठीत दडविलेले पाते. आणि दुसरी चामड्याची छागल. प्रवासात पाणी न्यावयाची ही पिशवी. कातड्यातून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने ते उडून जाते आणि आतले पाणी गार राहते. आपल्या उन्हाळ्याला यासारखी सोय नव्हती. पुढे थर्मास आला, प्लॅस्टिकची बाटली आली आणि छागल गेली. तिच्यासाठी मी रडणार नाही. गरज संपली, माल संपला. त्यात कोणी कोणाला फसविले नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या मालाला सातासमुद्रापलीकडे गिऱ्हाईक आहे, चढी किंमत आहे, त्या मालाचा करणारा कर्जात का राहतो?

आपल्या जिल्ह्यात जगभर नाव गेलेला असा माल आज नाही, म्हणून कोल्हापूरकडे जातो. कोल्हापुरी चप्पल आपण सर्वांनी पायात घातलेली आहे. म्हशीचे वा बैलाचे कातडे, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले; वर वेणी, अंगठा, पट्टा, सगळे हाताचे. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत युरोप-अमेरिकेतली हिप्पी तरुण मंडळी ती पायात घालून हिंडली, तेव्हापासून तिला परदेशी बाजार ठाऊक आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत होणाऱ्या चपलेलाच ते नाव लावता येते.

मग २०२५ चा जून उजाडला. इटलीतील मिलान शहरी प्रादा या बड्या कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले आणि त्यात हुबेहूब आपली चप्पल चालून गेली. नाव काय, तर चामड्याची सँडल. कोल्हापूरचा उल्लेख नाही, कारागिराचा नाही. आपल्याकडे मोठा ओरडा झाला. कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. सांगितले असे, की ज्यांच्या नावे मानांकनाची नोंद आहे त्यांनी यावे, तुमचा हा अधिकार नव्हे.

हे वाचले त्या दिवशी मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि विचारात पडलो. नोंद कोणाच्या नावे? दोन सरकारी महामंडळांच्या: आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे. चप्पल शिवणाऱ्याचे काय? १९९९ च्या कायद्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली आहे. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून त्याने आपले नाव नोंदवून घेतले, तर नावाची चोरी झाली असता त्यालाही दाद मागता येते. परंतु अर्ज भरावा लागतो, आणि ज्याचे आयुष्य आरी-रापीत गेले त्याला तो अर्ज कोणी नेऊन दिला? शिवाय हिंदुस्थानातली नोंद इटलीत चालत नाही. युरोपीय संघाने हस्तोद्योगाच्या मालाला अशा नावाचे संरक्षण देणारा आपला नियम लागू केला तो १ डिसेंबर २०२५ पासून. तेथील दार वेगळे ठोठवावे लागते.

त्याच डिसेंबरात कंपनीने या दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड महाराष्ट्र व कर्नाटकात करून घ्यावयाचे, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, सोबत कारागिरांच्या शिक्षणाचा कार्यक्रम. म्हणजे सोळा लाख युरोंची विक्री झाली. मी या कराराला नावे ठेवणार नाही. ओरडा केला म्हणून तो झाला, हे संघटनेच्या माणसाला बरेच वाटते. मात्र बातम्यांचे मथळे किमतीचे होते. मजुरीचा मथळा मी पाहिला नाही.

आता आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची, गेवराई तालुक्यातल्या एका तांड्यावरची. बंजारा बायांच्या हातचे भरतकाम आपण पाहिलेले आहे: आरसे, कवड्या, घुंगरू. हंगाम संपवून कोयते नुकतेच परतले होते. एका निर्यातदार व्यापाऱ्याचा माणूस जीप घेऊन आला. खांद्याला अडकवावयाच्या पिशव्या, चारशे नग, परदेशी पाठवावयाच्या. नमुना दाखविला, नगामागे मजुरी ठरली, वर थोडी उचल हातावर ठेवली. कापड त्याचे, दोरा त्याचा, हात यांचे. बायांनी दोन महिने चुलीपाशी आणि झाडाखाली बसून चारशे नग पुरे केले. पाऊस लागला आणि निरोप आला, की माल तिकडे नापास झाला. पांढऱ्या कापडावर तांबडा रंग उतरला. राहिलेली मजुरी मिळणार नाही, उलट उचल अंगावर निघते.

त्यांच्यातली एक वयस्क बाई मला म्हणाली, "दादा, टाका चुकला असंल तर दाखवा, उसवून पुन्हा घालते. पण रंग का आमी कालवला व्हता?"

या प्रश्नाचे उत्तर घेऊन मी शहरात त्या व्यापाऱ्याच्या कचेरीत गेलो. मागणी फोनवरची, नमुना त्याच्याकडे, नापास केल्याचा कागद त्याच्याकडे. तो कागद त्याने मला दाखविलाही नाही. कामगार खात्याकडे गेलो तेव्हा कळले, की या बाया कोणाच्या कामगारच नाहीत. त्या घरबसल्या आपला माल करणाऱ्या स्वतंत्र कारागीर आहेत. कापड दुसऱ्याचे, दोरा दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याचा आणि स्वातंत्र्य तेवढे यांचे! दसऱ्यानंतर त्या बाया पुन्हा ऊसतोडीला गेल्या. त्या वर्षी त्यांच्या डोक्यावर दोन उचली होत्या, एक मुकादमाची आणि एक पिशव्यांची.

दोष माझाही होता. मला मोर्चा काढता येत होता, बीजक वाचता येत नव्हते. मग मी हळूहळू वाचू लागलो. रंगांसंबंधी कळले ते असे, की काही विशिष्ट अॅझो रंगांपासून घातक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९० च्या दशकात त्यांवर बंदी घातली आणि त्याच दशकात आपल्या सरकारनेही त्यांच्यावर बंधने आणली. परदेशी गिऱ्हाईक रंगाची परीक्षा करते ते आपला छळ म्हणून नव्हे. पक्का रंग, निर्धोक रंग ही रास्त मागणी आहे. अन्याय एवढाच, की परीक्षेची अट बंदराजवळच्या कचेरीत राहते आणि नापासाचा भार तांड्यावर पोचतो.

पैशाची वाटही पाहिली. मोठा व्यवहार पतपत्रावर चालतो. परदेशी गिऱ्हाइकाची बँक हमी देते, की ठरलेले कागद आले की पैसे देऊ. हे कागद म्हणजे बीजक, जहाजाची भरणपावती, माल कोठला याचा दाखला वगैरे. गंमत अशी, की या व्यवहारात बँक माल पाहत नाही, कागद पाहते. नावातल्या वा तारखेतल्या चुकीवरून पैसे अडतात. म्हणजे चारशे पिशव्यांइतकेच मोल त्या चार कागदांना आहे, आणि कागद ज्याच्या हातात त्याच्या हातात भाव. साखरेच्या धंद्यातही मी हेच पाहिले. वजनकाट्याची पावती कोणाकडे राहते, यावर आमचे निम्मे झगडे झाले आहेत.

संघटनेतल्या माझ्या मित्रांना एक गोष्ट रुचत नाही, तरी सांगतो. चूक नेहमी व्यापाऱ्याचीच असते असे नाही. हाताचा माल म्हणजे प्रत्येक नग थोडा वेगळा, हे आपले कौतुक. पण पेटीतल्या डाव्या-उजव्या चपलेत बोटभर फरक पडला तर गिऱ्हाइकाने ती पायात कशी घालावी? कातडे नीट न वाळविता पेटीत भरले, पेटी पावसाळ्यात जहाजावर बंद राहिली, तर उघडताना बुरशी निघते. लग्नसराई आली म्हणून काम पंधरा दिवस पडून राहते आणि जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही. आपल्या माणसाची चूक झाकली, तर पुढच्या वेळी त्याची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

एके काळी या कामात सरकार मध्ये उभे राही. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले; कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्षा होत्या. पुढे हस्तव्यवसाय व हातमागाच्या मालाची निर्यात करणारे सरकारी महामंडळही आले. मंडळ २०२० मध्ये बरखास्त झाले आणि महामंडळ बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. आता सांगितले जाते, की कारागिराने स्वतःच विकावे. निर्यातीचा परवाना-क्रमांक घ्यावा, टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रात पार्सल द्यावे. सोय चांगली आहे, मी तिचा पुरस्कर्ता आहे. पण २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली, आणि आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले थांबवावी लागली. ती सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्यावर. मोठ्या व्यापाऱ्याला दीड-दोन महिने कळ काढता येते. एकट्या कारागिराला दिवाळीच्या तोंडावर ते कसे जमावे? आपल्या बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी आगगाडी आली, तिचे स्वागत मीही स्टेशनवर उभे राहून केले. परंतु न्हावा-शेवा बंदर जवळ आल्याने बीजक कोणाच्या नावे निघेल, हा प्रश्न सुटत नाही.

तो सुटल्याचे उदाहरण फार दूर नाही. बेळगाव जिल्ह्यातील अथणीला कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या घरांतल्या बायांचे बचत गट उभे राहिले. घरोघरी वेणी आणि शिवण बायाच करीत, परंतु हिशेबात त्यांचे नाव नसे. एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने त्यांनी 'टो-होल्ड' या नावाने आपली चप्पल परदेशी पाठविली. मापे ठरविली, नमुने ठरविले, नाव स्वतःचे लावले. तेथेही सगळे सोन्याचे झाले असे मी म्हणत नाही. पण माल नापास झाला तर तो का झाला, हे शिवणाऱ्या बाईच्या दारापर्यंत पोचते, एवढे मला पुरे आहे.

आम्ही या वर्षी दोन तांड्यांवर असे काम मांडले आहे. नियम साधे आहेत. नमुन्याचे दोन नग करावयाचे. एक व्यापाऱ्याकडे, एक तांड्यावर, दोन्हींवर दोघांची सही. मागणी लेखी. कापड-दोरा ज्याचा, रंगाची जबाबदारी त्याची. नापास झाल्यास तिकडच्या कागदाची प्रत आणि परत आलेला नग बायांपुढे ठेवावयाचा. उचल मजुरीच्या चौथाईवर घ्यावयाची नाही. या नियमाला बायांचाच विरोध झाला, कारण घरात दाणा नसतो तेव्हा उचल गोड लागते. तो वाद अजून मिटलेला नाही. सत्तर पिशव्यांची पहिली मागणी आली आहे आणि तिच्याबरोबर इंग्रजीतली बारा पाने. मी शब्दकोश घेऊन सहा पानांपर्यंत पोचलो आहे.

या सभागृहात बँकेतून निवृत्त झालेले, जकातीच्या वा टपालाच्या कचेरीत काम केलेले गृहस्थ बसलेले मला दिसत आहेत. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईही आहेत. रविवारी सकाळी आठ वाजता पहिल्या तांड्यावर बाया जमणार आहेत आणि ती बारा पाने मोठ्याने वाचून, मराठीत समजावून घ्यावयाची आहेत. जाण्या-येण्याची जीप आम्ही पाहू. सभा संपली की मी दाराशी वही घेऊन उभा आहे.