मतदारसंघाची रेषा

गोव्याच्या फोंडा तालुक्यात मंगेशी आणि कवळे ही दोन गावे आहेत. एका गावी श्रीमंगेशाचे देवालय, दुसऱ्या गावी श्रीशांतादुर्गेचे. दोन्ही गावांचा तालुका एक, बाजारहाट एक, सोयरसंबंधही एकमेकांत गुंतलेले. तरीही लोकसभेची निवडणूक आली म्हणजे मंगेशीचा मतदार उत्तर गोव्याचा प्रतिनिधी निवडतो आणि कवळ्याचा मतदार दक्षिण गोव्याचा. कारण एवढेच, की मंगेशी ज्यात येते तो प्रियोळ विधानसभा मतदारसंघ उत्तर गोव्यात घातलेला आहे आणि फोंडा, शिरोडा, मडकई हे शेजारचे मतदारसंघ दक्षिणेत. या दोन गावांमधून एक रेषा गेली आहे. शेताच्या बांधासारखी ती डोळ्यांना दिसत नाही. परंतु आपला प्रतिनिधी कोण, हे तीच ठरविते.

ही रेषा कोण आखतो, कोणत्या हिशेबाने आखतो आणि तो हिशेब चुकला तर काय होते, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम हिशेबाकडे पाहू. गोवा राज्याच्या विधानसभेत ४० सदस्य आहेत. प्रत्येक मतदारसंघातून एक, असे हे चाळीस जण निवडून येतात. या चाळीस मतदारसंघांचे वीस-वीसांचे दोन गट केले, की लोकसभेचे उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा हे दोन मतदारसंघ सिद्ध होतात. विधानसभेचा कोणताही मतदारसंघ लोकसभेच्या दोन मतदारसंघांत विभागावयाचा नाही, असा नियम आहे. राज्यसभेत गोव्याची जागा एकच. तिच्यासाठी आपण प्रत्यक्ष मत देत नाही. विधानसभेतील सदस्य ते देतात. म्हणजे आपण आमदार निवडतो तेव्हा नकळत राज्यसभेच्या निवडणुकीचेही अर्धे काम उरकलेले असते.

हे सारे आपल्याला आज स्वाभाविक वाटते; पण गोव्यात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. पोर्तुगीज अमदानीत गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत जात. एकोणिसाव्या शतकात फ्रांसिस्कु लुईश गोमिश यांच्यासारखा विद्वान पुरुष तेथे गोव्याची बाजू मांडीत होता. परंतु त्या काळी मताधिकार मूठभरांना होता. सत्तरीच्या शेतकऱ्याला किंवा काणकोणच्या कष्टकऱ्याला त्या निवडणुकीचा पत्ताही नसे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढील वर्षी लोकसभेत गोव्यासाठी जे दोन सदस्य घेण्यात आले ते निवडलेले नव्हते, नेमलेले होते, डॉ. पुंडलीक गायतोंडे हे त्यांपैकी एक. प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली ती १९६३ च्या डिसेंबरात. त्या वेळी गोवा, दमण आणि दीव मिळून विधानसभेच्या ३० जागा होत्या: गोव्याच्या २८, दमणची एक आणि दीवची एक. राज्यसभेत जागा नव्हती. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. त्यानंतर विधानसभा चाळिसांची झाली आणि राज्यसभेचे दारही उघडले.

मतदारसंघ पाडून मोजलेली मते आणि एकत्र मोजलेली मते यांत किती अंतर पडू शकते, याचे एक उदाहरण गोव्याच्याच इतिहासात आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, हा प्रश्न होता. फूल ही खूण विलीनीकरणाची, दोन पाने ही स्वतंत्र राहण्याची. येथे जागा जिंकावयाच्या नव्हत्या. सबंध गोव्याच्या मतांची एकच रास करावयाची होती. १,७२,१९१ मते दोन पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष ३० पैकी १६ जागा मिळवून पुन्हा सत्तेवर आला. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

यात कोणी लबाडी केली, असे समजू नये. दोन्ही वेळी प्रश्न निराळे होते. राज्य कोणी चालवावे आणि राज्य कोठे असावे, या दोहोंचे उत्तर माणूस निरनिराळे देऊ शकतो. परंतु मोजण्याची रीतही निराळी होती. जनमत कौलात पेडण्याचे मत आणि सासष्टीचे मत एकाच पायलीत पडले. निवडणुकीत प्रत्येक मतदारसंघाची पायली वेगळी. एखाद्या पक्षाची मते एका भागात ढीग होऊन पडली तर जागा थोड्या मिळतात. तीच मते बेताने पसरली तर जागा वाढतात. ज्या रेषांनी या पायल्या वेगळ्या केल्या त्यांचे महत्त्व येथे ध्यानात येते.

एवढे महत्त्वाचे काम राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या हाती सोपविणे धोक्याचे, हे घटनाकारांनी ओळखले होते. म्हणून संसद कायदा करते आणि त्याखाली मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमला जातो. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार आयोग आजवर कायद्याने नेमले गेले. चौथ्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. राज्यातील काही खासदार आणि आमदार आयोगाला साहाय्य करतात, सूचना करतात. पण निर्णयात त्यांना मत नसते. मतदारसंघांची लोकसंख्या होईल तितकी सारखी असावी, भूप्रदेश सलग असावा, डोंगर-नद्या, तालुक्यांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, ही आयोगाची पथ्ये. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, जाहीर बैठका होतात. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचे बळ येते आणि न्यायालयात त्याला सहजासहजी आव्हान देता येत नाही. गोव्याच्या आजच्या मतदारसंघांची आखणी याच चौथ्या आयोगाची आहे.

आता राष्ट्राच्या सभागृहात गोव्याचे वजन किती, ते पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. लोकसभेच्या दोन जागांत ती वाटली तर एका खासदारामागे सव्वासात लाखांहून थोडी अधिक माणसे येतात. महाराष्ट्रात ४८ जागा. तेथे एका खासदारामागे तेवीस लाखांहून अधिक. विधानसभेत फरक याहून मोठा. गोव्याचा आमदार सुमारे साडेछत्तीस हजार लोकांचा, महाराष्ट्राचा आमदार सुमारे तीन लाख नव्वद हजारांचा. गोव्यातील आमदार मतदाराला नावाने ओळखतो, ते याच प्रमाणामुळे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र तराजू सारखा करण्याचा यत्न केलेला आहे. १९७१ ची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने भागून पुन्हा हजाराने भागावयाची, या रीतीने गोव्याच्या आमदाराच्या मताचे मूल्य २० येते आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे १७५.

१९७१ चा आकडा का, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांच्या जागा त्यामुळे घटू नयेत, म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर थांबविण्यात आली. २००१ च्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. राज्याच्या आतील रेषा मात्र २००१ च्या जनगणनेवरून नव्याने आखाव्यात, असे २००३ च्या दुरुस्तीने ठरले.

श्रोतेहो, आजच्या विषयातील खरी व्यथा येथे आहे. अनुसूचित जातींसाठी आणि जमातींसाठी विधानसभेत किती जागा राखून ठेवावयाच्या, हे त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरते. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या किती भरली? अवघी ५६६. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज त्या वेळी गोव्यात नव्हते काय? शतकानुशतके होते. डोंगरउतारावर कुमेरी शेती करणारे, मिठागरांत आणि भातशेतांत राबणारे हे या भूमीचे जुने रहिवासी. पण त्यांची नावे अनुसूचित जमातींच्या सूचीत घातली गेली ती २००३ च्या जानेवारीत. जनगणना होऊन गेल्यानंतर. माणसे डोळ्यांसमोर होती, मात्र कागदावर नव्हती. कागदावरच्या ५६६ वरून चाळिसात एकही जागा निघेना, आणि रेषा आखल्या गेल्या त्या तशाच.

२०११ मध्ये पुन्हा गणना झाली तेव्हा हाच आकडा १,४९,२७५ भरला. राज्याच्या लोकसंख्येचा दहावा हिस्सा. चाळिसांशी त्याचे प्रमाण लावले तर चार जागा येतात. अनुसूचित जातींची संख्या २५,४४९. त्यांच्यासाठी पेडणे ही एक जागा राखीव झाली आणि ती हिशेबाला धरून आहे. पण दीड लाखांच्या समाजाला एकही राखीव जागा नाही, असे हे विचित्र गणित वर्षानुवर्षे चालले. त्यासाठी सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने गोव्यातील अनुसूचित जमातींच्या प्रतिनिधित्वासाठी विधेयक संमत केले. जनगणना आयुक्तांनी या जमातींची संख्या निश्चित करून द्यावी आणि निवडणूक आयोगाने तीवरून विधानसभेच्या मतदारसंघांत फेरबदल करावा, अशी त्यात तरतूद आहे. सूचीत नाव येणे आणि हा कायदा संमत होणे यांमध्ये बावीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात मूल जन्माला येऊन मतदार झाले.

यात दोष कोणा एका माणसाचा काढता येत नाही. सूची करणाऱ्याने सूची केली, गणना करणाऱ्याने गणना केली, रेषा आखणाऱ्याने समोरच्या आकड्यांवरून रेषा आखल्या. प्रत्येकाने आपापले काम नियमाने केले; परंतु कामांचा क्रम चुकला आणि एक सबंध समाज त्या फटीत पडला. राखीव जागेचे हित केवळ त्या समाजाचे, असेही कोणी मानू नये. वनहक्काचा दावा, पाण्याचा प्रश्न, खाणीच्या शेजारच्या शेताची नासाडी, हे विषय सभागृहात ज्याने भोगले त्याच्या तोंडून निघाले, तर सभागृहालाही ते अधिक खरेपणाने कळतात.

आपण निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि नागरिकाचे कर्तव्य पुरे झाले असे मानतो. ते कर्तव्य खरेच. पण त्या मताचे वजन त्याआधीच, दोन वेगळ्या दिवशी ठरून गेलेले असते. एक दिवस गणनेचा, जेव्हा प्रगणक दाराशी येतो. दुसरा दिवस मसुद्याचा, जेव्हा नव्या रेषा प्रसिद्ध होतात आणि हरकती मागविल्या जातात. पहिल्या दिवशी आपण आपली माहिती खरी आणि पुरी द्यावी. शेजारी निरक्षर असेल तर त्याला साहाय्य करावे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातील तो रुक्ष तक्ता न उलटता वाचावा. आपला गाव कोणत्या गावांशी जोडला, कोणापासून तोडला, हे पाहावे. आणि गैरसोय दिसली तर गावाने एकत्र बसून दोन ओळींची का होईना, हरकत लिहून पाठवावी.

मंगेशी आणि कवळे यांच्यामधली रेषा उद्या बदलेल किंवा राहील. कोठेतरी रेषा असणारच. तिच्यावाचून प्रतिनिधी निवडता येत नाही. ती आखली जाण्यापूर्वी तिच्या दोन्ही अंगांची माणसे नीट मोजली गेली आहेत ना, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.