सायकल का चालवावी?

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. कामगार, कारकून, विद्यार्थी सारेच सायकलीवर असत. त्यांना कोणी पर्यावरणाचे महत्त्व पटवून दिले नव्हते. सायकल स्वस्त होती, वेळेवर पोहोचवीत होती आणि रस्त्याचे भय नव्हते. मोटारींच्या गर्दीत रस्ता परका झाला, तशी सायकल मागे पडली.

डेन्मार्कमधील कोपनहेगनची नगरपालिका दर दोन वर्षांनी आपल्या सायकलींचा लेखाजोखा प्रसिद्ध करीत आली आहे. सायकल का चालविता, या प्रश्नाला तेथील नागरिक प्रामुख्याने 'लवकर पोहोचतो, सोयीचे पडते' असेच उत्तर देतात. पर्यावरणाचे नाव घेणारे थोडे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या मागणीला बळ दिले आणि पुढे स्वतंत्र सायकलमार्गांचे जाळे उभे राहिले.

यातून एकच बोध घ्यावयाचा: सायकली उपदेशाने वाढत नाहीत, सलग व निर्वेध मार्गाने वाढतात. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. अशा प्रत्येक आराखड्याची कसोटी कागदावरील किलोमीटर ही नव्हे. दहा वर्षांच्या मुलीला सायकलवरून एकटीने शाळेत पाठविताना आईचे मन निःशंक असते काय, हीच खरी कसोटी होय.