गवताची राखण, झाडांची मोजणी



झाड वाढले की पृथ्वीचे कल्याण झाले, हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे की झाडाविरुद्ध कोणी तक्रार केली तर ऐकणारा प्रथम दचकतो. कच्छमधील बन्नीचे मालधारी गेली कित्येक वर्षे नेमकी हीच तक्रार करीत आहेत.

मोठ्या रणाच्या दक्षिणेस पसरलेला बन्नीचा सपाट गवताळ प्रदेश सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा आहे. कांकरेज गाय आणि बन्नी म्हैस हे तेथील खरे धन. ही म्हैस रात्री राखणदाराविना चरावयास जाते आणि पहाटे दूध देण्यासाठी आपल्या वाड्यावर परतते. २०१० साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. हे सारे वैभव गवतावर उभे आहे.

रणाचा खारटपणा पुढे सरकू नये, या हेतूने १९६१ मध्ये वन खात्याने रणाच्या कडेने सुमारे ३१ हजार हेक्टरांवर वेडी बाभूळ लावण्याचे काम हाती घेतले. हेतू शुद्ध होता. झाड मात्र अमेरिका खंडातले, येथील मातीला परके. तिला तेथे 'गांडो बावळ' म्हणतात, यातच सारे आले. तिच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात, बी न पचता शेणावाटे पडते आणि पहिल्या पावसात त्याच खतावर रुजते. ज्या गुरांचे कुरण ती गिळते, त्यांच्याच पोटातून तिचा प्रवास होतो! आज बन्नीचा निम्म्याच्या आसपास भाग तिने व्यापला आहे.

हे आक्रमण मोजायचे कसे? १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पण पावसाळ्यानंतरचे छायाचित्र घेतले तर गवतही हिरवे, झाडही हिरवे. म्हणून अभ्यासक उन्हाळ्यातील छायाचित्र पाहतात. त्या वेळी गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि खोल मुळांची वेडी बाभूळ तेवढी हिरवी उरते. वर्षानुवर्षांची उन्हाळी छायाचित्रे शेजारी ठेवली की हिरवा डाग कोणत्या दिशेने सरकला, ते स्पष्ट होते.

तथापि आकाशातून सर्व काही दिसत नाही. लँडसॅटचा एक ठिपका तीस मीटरांचा, सेंटिनेलचा दहा मीटरांचा. गवतात दडलेले वीतभर रोप त्यात कोठून दिसणार? ते उपग्रहाला दिसेपर्यंत मूळ खोल गेलेले असते. शिवाय प्रत्येक हिरवा ठिपका शत्रू नव्हे. त्यात शमी असेल, पिलू असेल. म्हणून जमिनीवर कायमच्या चौकटी आखून रोपे मोजावी लागतात, त्यांची उंची नोंदवावी लागते, ठरावीक जागेवरून दरवर्षी छायाचित्र घ्यावे लागते. हे झाड कोणते आणि येथे पूर्वी कोणते गवत होते, हे मालधाऱ्याइतके अचूक कोण सांगणार?

'पूर्वी काय होते' हा प्रश्न महाराष्ट्रालाही लागू आहे. दख्खनची माळराने म्हणजे तुटलेली जंगले, असे गृहीत धरून तेथे वनीकरण होत आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. ४४ रानवनस्पतींपैकी जवळपास दोनतृतीयांश माळरानाच्याच निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचे माळ किमान साडेसातशे वर्षांचे जुने! ज्या ग्रंथांची आपण पूजा करतो, ते असेही साक्षीदार ठरले. तरीही सोलापूरकडील माळांवर गिरिपुष्पाची लागवड झाली, आणि माळढोक तर मोकळ्या गवतावाचून राहू शकत नाही. गायरानावर रोपे घेऊन निघणाऱ्या उत्साही मंडळींनी आधी तेथील गुराख्याला विचारलेले बरे.

बन्नीत निव्वळ तोडणी उपयोगी पडत नाही. २००४ मध्ये कोळशावरील बंदी उठली तेव्हा वेडी बाभूळ जोमाने तोडली गेली, पण बुंध्यातून फुटवे आले. २००८ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. मुळासकट उपटलेल्या जागी मात्र पावसानंतर गवत परतते. त्याच गवतात, जमिनीत पडून राहिलेल्या बियांतून, नवी रोपेही डोके वर काढतात. म्हणून साफ केलेल्या तुकड्यातही चौकटीतील मोजणी दरवर्षी नव्याने करावी लागते.