तिच्या नावाचे कागद



‘अमेरिकेतल्या नोकरीबद्दल बोल’ असं संयोजकांनी सुचवलं होतं. पण संगणकावरची नोकरी आता घरोघरी आहे. मी बोलणार आहे ते नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे येणाऱ्या मुलींबद्दल. आपल्या लेकी, पुतण्या, भाच्या लग्नाच्या वयात येताहेत, म्हणून हे घरचंच बोलणं समजा.

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या क्षेत्रातला मुलगा बहुधा एच-१बी व्हिसावर येतो आणि बायकोला मिळतो एच-४. त्यावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळतो, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. परवाना नाही म्हणून पगार नाही आणि सहसा सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. इथे बी.ई. झालेली मुलगी तिथे भाजी आणायलाही नवऱ्याच्या गाडीची वाट बघते. एकीने मला सांगितलं, “ताई, आठ महिन्यांत मी एकटी बाहेर पडले ती फक्त कचरा टाकायला.”

नवरा समजूतदार असला तर हे दिवस निघून जातात. नसला, तर ‘तुला परत पाठवीन’ एवढी धमकी पुरते. खरं तर मारहाणीची तक्रार करायला तिथे व्हिसा आड येत नाही. पण हे तिला सांगणार कोण?

१९८५ साली न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था सुरू झाली ती दक्षिण आशियाई बायकांच्या अशाच अडचणींसाठी. तिथे आपल्याकडच्या घरांची रीत जाणणारं माणूस भेटतं, कायद्याचा सल्ला मिळतो, घर सोडावं लागलं तर आसरा मिळतो. आम्ही चार-पाच मराठी बायका त्याच्या अलीकडची कामं करतो. गाडी शिकवतो, लायब्ररीचं कार्ड काढून देतो, बँकेत सोबत जातो. कामं साधी आहेत, पण त्यातूनच तिला चार माणसं आणि बसचा रस्ता कळतो.

तुम्ही इथून काय कराल? लग्नाची नोंदणी करून दाखला घ्या. पासपोर्ट, व्हिसा, दाखला यांच्या प्रती माहेरी ठेवा. मूळ पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये राहू द्या. तो सासूच्या कपाटात ठेवायचा दागिना नव्हे. भारतीय वकिलातीचा नंबर तिला पाठ करायला लावा. परदेशस्थ नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी दिल्लीत राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष आहे, हेही लक्षात असू द्या. आणि तिचा रडवेला फोन आला, तर ‘जमवून घे’ म्हणण्याआधी पूर्ण ऐकून घ्या.

आपल्या वर्गातले बरेच जण आज परदेशात आहेत. मेळाव्याच्या यादीत प्रत्येकाने आपलं गाव आणि फोन नंबर लिहावा, एवढी विनंती. ज्याची लेक ज्या गावी निघेल, त्याने तो नंबर तिला विमानात बसण्याआधी द्यावा. न्यू जर्सीसाठी माझा लिहून ठेवला आहे.