शिखर नसलेला डोंगर

मी सोलापूरचा. म्हणजे डोंगराच्या बाबतीत माझं मत कुणी विचारावं असं काही कारण नाही. आमच्याकडे जमीन सपाट, आणि उंच काय म्हणाल तर गिरणीची चिमणी. तरी आज मी एका डोंगराविषयी बोलणार आहे, आणि तोही परदेशातल्या. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मध्ये तो आहे. नाव किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही.

माझा भाचा मँचेस्टरजवळ नोकरीला आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस बहिणीबरोबर मी त्याच्याकडे गेलो होतो. रविवारी तो म्हणाला, “मामू, चलो. ऊपर देखने को कुछ नै, पर चलो.” घरी आम्ही दखनी बोलतो. वर बघायला काही नाही, तरी चला, हे निमंत्रण मला फार आवडलं.

मँचेस्टरहून रेल्वेनं पाऊण तासात एडेल नावाचं लहानसं गाव येतं. तिथून मेंढ्यांच्या कुरणांतून वाट जाते आणि मग दगडी पायऱ्यांचा चढ लागतो. त्याला ‘जेकबची शिडी’ म्हणतात. जेकब म्हणजे आमच्याकडचा याकूब. हा याकूब मात्र अठराव्या शतकातला इथला शेतकरी होता, त्यानं या पायऱ्या खोदल्या असं सांगतात. दम लागला की मी थांबायचो आणि मागचं खोरं बघण्याचं नाटक करायचो. भाचा समजूतदार, तोही बघायचा.

आपल्याकडे डोंगर चढायचा म्हणजे वर काहीतरी असतं. किल्ला असतो, देवीचं देऊळ असतं, एखादा दर्गा असतो, निदान भगवा किंवा हिरवा झेंडा तरी. इथे चढ संपला आणि समोर आलं ते नुसतं पठार. लांबच लांब, तपकिरी, मध्ये मध्ये काळं. झाड एकही नाही. “शिखर कुठे?” मी विचारलं. भाच्यानं पठाराच्या आत कुठेतरी हात दाखवला. सर्वांत उंच जागा म्हणजे चिखलातला एक उंचवटा आहे, तो शोधायला गेलेले पुष्कळ लोक न सापडता परत येतात. सर्व्हेवाल्यांचा खांब आहे, पण तोही दुसरीकडे, तीन मीटर कमी उंचीवर.

अशा उजाड, ओल्या उंच प्रदेशाला इंग्रज ‘मूर’ म्हणतात. मराठीत त्याच्या जवळचा शब्द शोधू लागलो तर मला ‘माळ’ सुचला. फरक इतकाच की आपला माळ कोरडा ठणठणीत, आणि हा डोंगराच्या डोक्यावर ठेवलेल्या भिजलेल्या स्पंजासारखा. खाली वाळूचा खडबडीत खडक, सुमारे बत्तीस कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या नदीच्या मुखाशी साठलेल्या रेतीचा. त्याच्यावर पीट. म्हणजे शेवाळ मरतं, पाण्यात बुडून राहतं, हवा नसल्यानं नीट कुजत नाही आणि थरावर थर साचत जातो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. माणसाच्या उंचीएवढा थर म्हणजे दीड-दोन हजार वर्षं झाली. या पीटमध्ये पाण्यानं घळी कापल्या आहेत, त्यांना तिकडे ‘ग्रफ’ म्हणतात. आत उतरलं की डोक्याच्या वर दोन्ही बाजूंना काळी ओली भिंत, आणि आकाशाची एक पट्टी. घळ वळते, फुटते, दुसरीला मिळते. धुकं आलं तर जाणकार माणूसही तासभर चालून निघाला तिथेच येतो. आम्ही दहा मिनिटं आत गेलो, आणि बाहेर कुठून पडायचं यावरून मामा-भाच्यांचं भांडण झालं.

पठाराच्या कडेनं चालणं मात्र सुखाचं. एका बाजूला खोरं, खाली धरणाचं पाणी, दूरवर मँचेस्टरच्या इमारती पुसट दिसतात. दुसऱ्या बाजूला हा माळ. कड्यावर वाऱ्यापावसानं घासलेले गोल गरगरीत दगड उभे असतात. त्यातल्या एका घोळक्याला ‘लोकरीच्या गाठी’ असं नाव आहे. आवाज फक्त वाऱ्याचा, आणि मध्येच एखादा पक्षी पाणी सांडल्यासारखी शीळ घालतो. पुढे किंडर नदी कड्यावरून सुमारे तीस मीटर खाली पडते. पश्चिमेचा वारा जोरात असला की ती पडतच नाही, उलटी वर उडते. नाणेघाटात पावसाळ्यात ज्यांनी असं पाणी बघितलं असेल त्यांना नवल वाटणार नाही. आम्ही तिथे डबा सोडला. शेजारी बोल्टनहून आलेल्या चार-पाच कॉलेजच्या मुली होत्या, डोक्याला स्कार्फ, पायात चिखलानं माखलेले बूट. त्यांनी आम्हांला चिप्स दिल्या, आम्ही त्यांना शेंगाचटणी. पुढे त्यांचं काय झालं माहीत नाही. सोलापूरची चटणी आहे.

आता इथे मला जरा मागे जावं लागेल.

माझे अब्बा गिरणीत साच्यावर होते. सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून शहराबाहेर माळावर न्यायचे. माळावर करायचं काय? काही नाही. चालायचं. आठवडाभर कान साच्यांच्या खडखडाटानं भरलेले असायचे, ते रिकामे व्हायला जागा लागते, असं त्यांनी कधी सांगितलं नाही, पण आता मला कळतं. एकदा असेच चालत असताना एक माणूस आडवा आला. माळ कुणाच्या तरी मालकीचा होता. “इथं काय काम?” त्यानं विचारलं. मग नाव विचारलं. नाव ऐकून पुन्हा विचारलं, “काय काम?” अब्बांना उत्तर देता आलं नाही. चालणं हे काही काम नव्हे. आम्ही सायकल वळवली. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. त्यानंतर ते मला माळावर घेऊन गेले नाहीत.

नेमका हाच प्रश्न किंडर स्काउटवर अनेक वर्षं विचारला जात होता. पूर्वीची सामाईक जमीन एकोणिसाव्या शतकात वाटली गेली आणि बड्या जमीनदारांची झाली. वर ग्राउझ नावाचे पक्षी पाळायचे आणि १२ ऑगस्टपासून त्यांची शिकार करायची. वर्षातले मोजके दिवस शिकार, बाकी वर्षभर रखवालदार. आणि खाली मँचेस्टरमध्ये गिरण्यांच्या धुरात राहणारी माणसं रविवारी तिकीट काढून डोंगराच्या पायथ्यापर्यंत यायची आणि वर बघून परत जायची.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळच्या दगडाच्या खाणीत शेकडो तरुण जमले. काही जण चारशे म्हणतात. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा कामगार पोरगा एका खडकावर उभा राहून बोलला. स्टेशनवर पोलिस असतील म्हणून तो सायकलनं आला होता. मग सगळे विल्यम क्लफ नावाच्या घळीतून वर निघाले. रखवालदारांशी झटापट झाली, एक रखवालदार जखमी झाला. वर शेफील्डकडून आलेली तुकडी भेटली, सभा झाली, आणि सगळे खाली उतरले. गंमत अशी की सर्वोच्च जागेपर्यंत ते त्या दिवशी गेलेच नाहीत. गावात परतल्यावर अटक झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, रॉथमनला चार. आरोपींत रॉथमन, मेंडेल, नुसबाउम अशी नावं होती. वाचली की कळतं, ज्यू पोरं. पदयात्रींच्या प्रतिष्ठित संघटनांना हा प्रकार पसंत नव्हता. असल्या दांडगाईनं आपलं काम बिघडेल असं त्यांना वाटत होतं. ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, कारण कायदा व्हायला पुढे सतरा वर्षं लागली. पण या शिक्षांवरून लोकांत जी चीड उसळली, ती अर्जविनंत्यांनी उसळली नसती.

ही गोष्ट वाचताना मला १९३० आठवलं. त्या साली पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला होता. आमच्या सोलापुरात त्याच साली मार्शल लॉ लागला, आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. चार महिने कैद आणि फाशी एका तराजूत घालू नयेत, हे मला कळतं. पण कारावासात पाठवणारं राज्य एकच होतं, आणि जमिनीवर पाऊल ठेवायला परवानगी लागते ही समजूतही.

१९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये हा सगळा भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्क मिळाला तो २००० च्या कायद्यानं. २००२ मध्ये, सत्तराव्या वर्षी, ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

डोंगराची स्वतःचीही एक तक्रार आहे, ती सांगायला हवी. पीट घडवणारं ते शेवाळ मँचेस्टरच्या धुरातल्या गंधकानं मेलं. वणव्यांनी आणि मेंढ्यांनी उरलंसुरलं संपवलं. उघडं पडलेलं पीट पावसाबरोबर वाहून जाऊ लागलं. म्हणजे ज्या धुरापासून माणसं इथे पळून येत होती, तो त्यांच्या आधीच इथे पोचला होता. त्याला रखवालदारानं अडवलं नव्हतं. आता घळींत दगडांचे बांध घालतात, मुठी-मुठीनं शेवाळ लावतात. पुष्कळ ठिकाणी काळ्याचं हिरवं झालं आहे. आणि मेअखेरीस या दलदलीत एक गवत येतं, त्याच्या काडीच्या टोकाला पांढरा बोंडाएवढा कापूस. इंग्रजीत नावच कापूसगवत. हातात घेऊन बघितला. सूत निघणार नाही, धागा फार आखूड आहे. गिरणीवाल्याच्या पोराला तेवढं कळतं.

विल्यम क्लफच्या माथ्याशी उतरण लागण्यापूर्वी चिखलातून मोठ्या फरश्यांची वाट गेली होती. लोक चालून चालून दलदल उखडते, म्हणून अशा फरश्या टाकतात. एका फरशीत ओळीनं भोकं दिसली, त्यांत पावसाचं पाणी साचलेलं. मी विचारलं, ही कशाची? भाचा म्हणाला, लँकेशरमधल्या गिरण्या पाडल्या, तेव्हा त्यांच्या जमिनीच्या फरश्या हेलिकॉप्टरनं इकडच्या डोंगरांवर आणून टाकल्या. भोकं आहेत ती यंत्र पक्कं बसवण्याच्या बोल्टची.

मी खाली बसलो. भोकात बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. साचा चालू असताना जमीन थरथरते आणि ती थरथर घरी आल्यावरही पोटऱ्यांत राहते, असं अब्बा म्हणायचे. फरशी गार होती. मागून दोन म्हातारे काठ्या टेकत आले, मी वाटेत बसलेला बघून बाजूनं चिखलात उतरले आणि “गुड आफ्टरनून” म्हणून पुढे गेले.

हेफील्डला बस यायला अर्धा तास होता. बूट काढून झटकले तर काळी माती पडली. दिसायला आमच्या रानातल्या मातीसारखी, पण बोटांत घेतली तर कणच नाहीत, नुसतं लोणी. घरी पोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. “बूट बाहेर,” ती म्हणाली, “और वो ऊपर था क्या कुछ?”

भाच्यानं सांगितलं, “कुछ नै था.”